पॅरालीगल कोर्सला शिकवणारे कोण आहेत, हे कसं पारखावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एलएलबी केलेल्या, तीन वर्षं जिल्हा न्यायालयात काम केलेल्या आणि आता ब्रॅम्प्टनला राहायला आलेल्या एका ताईंना कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातला पॅरालीगल डिप्लोमा करायचा आहे. दोन कॉलेजांवर त्या येऊन थांबल्या आहेत. पहिल्या कॉलेजच्या यादीत जवळपास सगळे शिक्षक वकील. दुसऱ्या यादीत दोन वकील, तीन-चार पॅरालीगल, एक निवृत्त पोलीस अधिकारी, विमा कंपनीत क्लेम्स हाताळलेल्या एक बाई आणि ट्रायब्युनलचे, म्हणजे न्यायाधिकरणाचे, एक माजी सदस्य. ताई विचारतात, "वकिलांकडून शिकलेलं बरं ना? पोलीस काय कायदा शिकवणार?"

मी ब्रॅम्प्टन ज्यात येतं त्या पील रीजनमध्ये परवानाधारक पॅरालीगल म्हणून काम करते आणि संध्याकाळचे वर्गही घेते. मला दुसरी यादी जास्त भरवशाची वाटते. मात्र प्रवेशाचे पैसे भरण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतील. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण आपल्याकडून आलेल्या कायद्याच्या पदवीधरांचा घोटाळा इथेच होतो. भारतात पॅरालीगल म्हटलं की विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आठवतात. न्यू जर्सीतली तुमची मैत्रीण पॅरालीगल असेल तर ती वकिलाच्या देखरेखीखाली काम करते, स्वतःचे अशील घेऊ शकत नाही. ऑन्टारिओत पॅरालीगलला स्वतःचा परवाना मिळतो. १ मे २००७ पासून इथली लॉ सोसायटी वकिलांच्या जोडीने पॅरालीगलांचंही नियमन करते. स्वतःचं ऑफिस, स्वतःचे अशील, अशिलांचे पैसे ठेवायला स्वतःचं ट्रस्ट खातं. स्मॉल क्लेम्स कोर्ट, लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड, ट्रॅफिक आणि इतर प्रांतिक गुन्ह्यांचं कोर्ट, काही ठरावीक फौजदारी खटले, अपघात विम्याचे वाद, कामगारांचे काही दावे, इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड, या सगळ्या ठिकाणी तो एकटा उभा राहतो. स्मॉल क्लेम्सची कमाल रक्कम २०२० मध्ये ३५,००० डॉलर झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती ५०,००० डॉलर आहे.

म्हणजे काल परवाना हातात पडलेला माणूस आज कुणाचा तरी पन्नास हजार डॉलरचा दावा एकट्याच्या जिवावर चालवू शकतो. वकिलाला इथे आर्टिकलिंग किंवा त्यासारखा उमेदवारीचा काळ काढावा लागतो, पॅरालीगलला तसं काही नाही. कोर्समधली १२० तासांची प्लेसमेंट (एखाद्या ऑफिसात प्रत्यक्ष काम), लॉ सोसायटीची बहुपर्यायी परीक्षा, चारित्र्याची पडताळणी, आणि झालं. तुम्ही पुण्यात सीनियरच्या चेंबरमध्ये बसलात. रोजनामा कसा वाचायचा, कुठल्या कोर्टात काय बोलायचं नाही, अर्ज परत का आला, हे कुठल्याही पुस्तकाबाहेरचं तिथे शिकलात. इथे ती सोय नाही. सीनियरकडून जे मिळायचं ते कॉलेजच्या शिक्षकांकडूनच मिळवावं लागतं, आणि म्हणून ते शिक्षक आधी कुठल्या टेबलावर बसले होते हे पाहायचं. पदवी त्यानंतर.

आता पोलिसांचं. हा पेशाच मुळात त्या बाजूने आला आहे. १९८० च्या दशकात ब्रायन लॉरी नावाच्या माजी पोलीस अधिकाऱ्याने 'पॉइंट्स' ही कंपनी काढली. लोकांची ट्रॅफिक तिकिटं कोर्टात लढवायची, हा तिचा धंदा. लॉ सोसायटीने त्यांच्यावर बेकायदा वकिली केल्याचा खटला भरला. १९८७ मध्ये ऑन्टारिओच्या अपील कोर्टाने लॉरींच्या बाजूने निकाल दिला. प्रांतिक गुन्ह्यांच्या कोर्टात फी घेऊन एजंट म्हणून उभं राहायला कायद्यातच वाट आहे, असं त्या निकालाचं सार. त्यानंतर असे एजंट वाढत गेले. काही उत्तम होते, काहींनी लोकांना अक्षरशः लुबाडलं. १९९९ च्या रोमानोविच प्रकरणात अपील कोर्टाने नियमनाच्या अभावाकडे बोट दाखवलं, २००० साली सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पीटर कोरी यांनी नियमनाचा आराखडा दिला, आणि २००६ च्या अ‍ॅक्सेस टू जस्टिस अ‍ॅक्टने तो विषय एकदाचा मार्गी लावला. परवाने सुरू झाले तेव्हा आधीपासून काम करणाऱ्यांना अनुभवाच्या जोरावर परीक्षेला बसू दिलं गेलं. त्या पिढीत माजी पोलीस होते, कोर्टातले कारकून होते, विम्याचे दावे तपासणारे अ‍ॅडजस्टर होते, युनियनचे प्रतिनिधी होते. त्यांच्याकडे पॅरालीगलचा डिप्लोमा नाही, कारण त्यांच्या वेळी असा परवाना देणारा रस्ताच नव्हता. यादीतल्या एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाच्या नावापुढे फारशा पदव्या दिसल्या नाहीत तर एवढ्यावरून नाक मुरडू नका.

माजी पोलीस वर्गात काय देतात, तर पोलिसाच्या नोंदवहीचं वाचन. स्पीडिंगच्या खटल्यात डिस्क्लोजर म्हणून, म्हणजे सरकारी बाजूने बचावाला द्यायच्या पुराव्यात, अधिकाऱ्याच्या नोट्स मिळतात. नवख्याला तिथे घाईने खरडलेल्या चार ओळी दिसतात. ज्याने स्वतः अशा नोट्स लिहिल्या आहेत तो विचारतो, लेसर यंत्र केव्हा तपासलं हे लिहिलंय का? गाडी नजरेआड झाली होती का? चालकाची ओळख कशावरून पटवली? यातलं काय घटना घडताना लिहिलेलं आहे आणि काय नंतर भर घातलेलं? उलटतपासाचे प्रश्न यातूनच तयार होतात. मात्र हा माणूस एकटा पुरत नाही. तो सगळं रस्त्याच्या बाजूने पाहतो. ट्रॅफिक कोर्टाचा विषय शिकवणाऱ्यांत बचावाच्या बाजूचा कुणी तरी हवा, आणि म्युनिसिपल प्रॉसिक्यूटर म्हणून, म्हणजे नगरपालिकेच्या वतीने खटले चालवण्याचं, काम केलेला कुणी मिळाला तर सोन्याहून पिवळं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ही कोर्टं नगरपालिकांकडे सोपवली गेली आणि त्यांचे बरेच प्रॉसिक्यूटर स्वतः पॅरालीगल असतात. कुठलं प्रकरण पहिल्याच भेटीत मिटतं आणि कुठलं मिटत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

खटला रखडल्यामुळे बाद करून घेण्याचा चार्टरमधला (कॅनडाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेतला) मुद्दा मात्र वकिलाकडून शिका. १९९० चा प्रसिद्ध अ‍ॅस्कॉव निकाल तुमच्याच ब्रॅम्प्टनच्या कोर्टातल्या दिरंगाईवर उभा आहे. २०१६ च्या जॉर्डन निकालाने प्रांतिक कोर्टातल्या खटल्यांसाठी १८ महिन्यांची कमाल मर्यादा घालून दिली. यातला कोणता उशीर बचावाच्या खात्यात धरायचा आणि कोणता सरकारच्या, हे निकाल वाचून, तुलना करून शिकवावं लागतं, आणि ते वकिलाचं काम आहे.

वकिलांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि त्यांच्याशिवाय हा कोर्स उभा राहूच शकत नाही. करार, टॉर्ट (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीचा कायदा), पुराव्याचा कायदा, प्रशासकीय कायदा, कायदेशीर संशोधन आणि लेखन हे विषय त्यांनीच घ्यावेत असं माझं मत आहे. ट्रायब्युनलच्या निर्णयाला वरच्या कोर्टात आव्हान देताना कोणत्या कसोटीवर तो तपासला जातो, हे २०१९ च्या वाविलोव निकालानंतर पुष्कळ बदललं. तो निकाल पचवून चाळीस मिनिटांत समजावून देणारा वकील शिक्षक लाभला तर त्याच्या वर्गाला एक दिवसही दांडी मारू नका.

अडचण वेगळीच आहे. मोठे दिवाणी दावे चालणाऱ्या सुपीरियर कोर्टात हयात घालवलेला वकील स्मॉल क्लेम्स शिकवायला उभा राहिला की नकळत सुपीरियर कोर्टच शिकवतो. तिथे डिस्कव्हरीत समोरच्या पक्षकाराची शपथेवर आधीच तपासणी करता येते. स्मॉल क्लेम्समध्ये ती सोयच नाही. तिथे पुराव्याचे नियम सैल आहेत, आणि कॉस्ट्स, म्हणजे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला द्यायचा खर्च, साधारणपणे दाव्याच्या रकमेच्या १५ टक्क्यांवर जात नाहीत. दहा हजारांच्या दाव्यात किती तास घालायचे, काय सोडून द्यायचं, हा हिशेब तिथल्या सगळ्या डावपेचांच्या मुळाशी असतो. बचाव दाखल झालेल्या प्रत्येक दाव्यात सेटलमेंट कॉन्फरन्स सक्तीची असते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच संपतात. म्हणून मी विचारेन, या वकिलाने गेल्या दोन-तीन वर्षांत स्मॉल क्लेम्समध्ये स्वतः काही चालवलं आहे का? तो तिथे डेप्युटी जज म्हणून बसतो का? हे डेप्युटी जज अर्धवेळ नेमलेले वकील असतात. असा शिक्षक असेल तर पहिल्या कॉलेजकडेही मी गंभीरपणे पाहीन.

आणखी एक. दावा जिंकणं आणि पैसे हातात पडणं यात मोठं अंतर आहे. आपल्याकडे हुकूमनामा झाल्यावर दरखास्त दाखल करावी लागते, तसंच इथेही आहे. ऋणको कुठे नोकरी करतो, खातं कुठल्या बँकेत, घर कुणाच्या नावावर, हे तपासणीत विचारायचं. मग गार्निशमेंट (पगारातून किंवा बँक खात्यातून परस्पर वसुली), मालमत्तेवर रिट (जप्तीचा आदेश). हा भाग अभ्यासक्रमात शेवटच्या आठवड्यात कोंबलेला असतो आणि ज्याने स्वतः वसुली केलेली नाही तो त्यावरून भराभर पुढे जातो. अशिलाला मात्र सगळ्यात जास्त त्याचीच पडलेली असते. शिक्षकाची पारख करायची असेल तर वसुलीवर तो किती वेळ देतो ते विचारा.

घरमालक-भाडेकरू हा माझा रोजचा विषय, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. ब्रॅम्प्टन, मिसिसागात आपल्या लोकांची घरं आहेत, आणि बेसमेंट भाड्याने दिलेलं असतं. भाडं थकलं की घरमालकाने पहिल्यांदा एन४ नावाची नोटीस द्यायची असते. वर्गात मी अशी एक नोटीस वाटते. ती मी स्वतः रचलेली असते, पण तिच्यातल्या चुका माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या असतात. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशा तीन ओळी, महिन्याचं भाडं १,८५० डॉलर. फेब्रुवारीच्या ओळीत थकबाकी १,९९० दाखवली आहे. पत्त्यात घर क्रमांक आहे, 'बेसमेंट' हा शब्द नाही. नोटीस टपालाने पाठवली आहे, पण शेवटची तारीख ती हातोहात दिल्यासारखी मोजली आहे.

वर्गातले कायद्याचे पदवीधर सरळ रेसिडेन्शियल टेनन्सीज अ‍ॅक्ट उघडतात. वेअरहाउसमध्ये पाळी करून आलेली एखादी मुलगी मात्र आधी बेरीज करून बघते आणि विचारते, "मॅडम, हे १४० डॉलर कसले?" ते विजेच्या बिलाचे आहेत. एन४ मध्ये फक्त भाडं मागता येतं. वीज, चेक परत गेल्याचा खर्च, दंड यांना तिथे जागा नाही. टपालाने पाठवली तर नोटीस पाच दिवसांनी पोचली असं धरतात, म्हणजे तारीखही चुकली. पत्त्यात वरचं घर की खालचं हे स्पष्ट नाही. आणि 'फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली होती', असं घरमालक म्हणाला तर तेवढ्याने नोटीस बजावली असं होत नाही.

अशा एका कागदापायी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मग नवी नोटीस, नवा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा रांग. बोर्डाच्या दिरंगाईवर ऑन्टारिओचे ऑम्बुड्समन पॉल दुबे यांनी मे २०२३ मध्ये कडक अहवाल दिला होता, त्यात घरमालक आणि भाडेकरू दोघांचेही हाल नोंदले आहेत. त्या रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याने अशिलाच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं आहे, तो शिक्षक तारीख मोजायला शिकवताना आवाज चढवतो. पुस्तकावरून शिकवणारा 'नोटीस नियमानुसार असावी' एवढं सांगून पुढच्या स्लाइडवर जातो.

यातही दोन्ही बाजू हव्यात. फक्त घरमालकांची कामं करणारा शिक्षक भाडेकरूचे अर्ज तोंडदेखले शिकवतो. घराची दुरुस्ती न करणं, त्रास देणं, 'स्वतः राहायला येतोय' म्हणून खोट्या कारणाने घर खाली करून घेणं, या विषयांवर कम्युनिटी लीगल क्लिनिकमध्ये, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या केंद्रात, काम केलेला माणूस फार वेगळं बोलतो. तुमच्या दुसऱ्या यादीतल्या पॅरालीगलांपैकी कुणी क्लिनिकमधून आलं आहे का ते नक्की पाहा.

विमा कंपनीतल्या बाईंबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण त्या यादीतली कदाचित सर्वात मोलाची व्यक्ती त्याच असतील. मोटार अपघातानंतर स्वतःच्याच विमा कंपनीकडून मिळणाऱ्या लाभांचे वाद १ एप्रिल २०१६ पासून लायसन्स अपील ट्रायब्युनलकडे गेले. यातला मोठा झगडा असतो तो जखम 'किरकोळ' धरायची की नाही यावर, कारण किरकोळ ठरली तर उपचारांची मर्यादा ३,५०० डॉलर. फाइल उघडताना अ‍ॅडजस्टर काय शोधतो, डॉक्टरच्या अहवालातल्या कुठल्या वाक्यावर तो 'नाही' म्हणतो, कुठल्या फॉर्मवर एक रकाना रिकामा राहिला की उपचाराचा आराखडा परत येतो, हे आतल्या माणसालाच माहीत असतं. अशिलाच्या बाजूने लढताना समोरच्याचं टेबल ठाऊक असणं ही फार मोठी शिदोरी आहे.

ट्रायब्युनलच्या माजी सदस्यांकडून एकच गोष्ट मागा. निर्णय लिहिणारा माणूस सुनावणीनंतर त्याच्या टिपणांत काय शोधतो, ते त्यांना शिकवायला सांगा. नवा प्रतिनिधी वीस मिनिटं अन्यायावर बोलतो आणि कुठला आदेश हवा तेच सांगायचं विसरतो. निर्णय देणाऱ्याला हवं असतं ते इतकंच की कोणतं कलम, कोणतं तथ्य, त्या तथ्याचा पुरावा किती नंबरच्या पानावर, आणि नेमका आदेश काय हवा. ही शिस्त त्या खुर्चीवर बसलेल्यांच्या अंगात मुरलेली असते.

इमिग्रेशनचा विषय आपल्या मुलांना सगळ्यात जास्त खुणावतो, म्हणून एक सावधगिरी. पॅरालीगलला इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डापुढच्या प्रकरणांत काम करता येतं. पीआरचे, म्हणजे कायमच्या वास्तव्याचे, अर्ज भरून देणं त्या परवान्यात येत नाही. त्यासाठी वकील तरी हवा, नाहीतर वेगळा परवाना असलेला इमिग्रेशन कन्सल्टंट. हा विषय शिकवणारा बहुधा यांपैकी एक असतो. त्याने पहिल्याच तासाला ही मर्यादा फळ्यावर लिहिली नाही तर मला काळजी वाटेल. कुटुंब कायद्याचंही तसंच. २०२२ च्या डिसेंबरात लॉ सोसायटीने पॅरालीगलांसाठी कुटुंब कायद्याचा वेगळा, मर्यादित परवाना मंजूर केला, पण त्यासाठी जादा प्रशिक्षण लागतं. नेहमीचा डिप्लोमा करून घटस्फोटाची कामं घेता येत नाहीत.

यावरून मी एथिक्सकडे येते, आणि माझ्या लेखी यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं नाव एथिक्स आणि ट्रस्ट अकाउंटिंग शिकवणाऱ्याचं आहे. पुष्कळ ठिकाणी हा विषय ज्याच्या वेळापत्रकात जागा आहे त्याच्या गळ्यात मारतात. तो अशा माणसाने शिकवावा ज्याने स्वतः ऑफिस चालवलं आहे आणि अशिलाचे पैसे सांभाळले आहेत. दर महिन्याचं ट्रस्ट खातं पुढच्या महिन्याच्या २५ तारखेच्या आत जुळवायचं असतं. एका प्रकरणात ७,५०० डॉलर किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हे नियम पाठ करणं सोपं आहे. कठीण प्रसंग वेगळा असतो. मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झालेले काका ऑफिसात येतात. मुलाचं ट्रॅफिक तिकीट असतं, ते तुम्ही घेता. मग म्हणतात, "तेवढं आमचं विल पण बघून दे ना, तू आपलीच आहेस." मृत्युपत्र करणं, घराच्या खरेदीचे व्यवहार पुरे करणं पॅरालीगलच्या कक्षेत येत नाही. नाही कसं म्हणायचं, नुसतं तोंडी म्हणून पुरत नाही तर तसं पत्र का लिहायचं, कुणाकडे पाठवायचं, आणि नवरा-बायको दोघंही एकाच घराच्या वादात तुमच्याकडे आली तर दोघांपैकी कुणालाच का घेता येणार नाही, हे सोसलेल्या माणसानेच शिकवावं. आपल्या समाजात काम करणाऱ्याला हे रोज लागतं, कारण आपल्याकडे ओळखीशिवाय अशील येतच नाही.

ऑफिसचं काम, फाइल कशी लावायची, तारखांची आठवण कशी ठेवायची, पत्र कसं लिहायचं, हे लॉ क्लार्क म्हणून वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांकडून शिकण्यासारखं आहे. त्यांच्याकडे परवाना नसतो, त्याने काही बिघडत नाही. इंग्रजी लेखन आणि सर्वसाधारण विषय शिकवणाऱ्यांची पार्श्वभूमी पाहण्यात मी वेळ घालवणार नाही.

अनुभव किती वर्षांचा, याइतकंच तो कधीचा आहे हेही पाहा. २०२० नंतर इथलं काम उलटंपालटं झालं. लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाच्या सुनावण्या आता बहुतेक व्हिडिओवर होतात, अर्ज आणि पुरावे ऑनलाइन पोर्टलवर चढवायचे असतात. अशील फोनवरून, गाडीत बसून सुनावणीला हजर झाला तर काय करायचं, साक्षीदारासमोर कागद कसा ठेवायचा, ही आजची कौशल्यं आहेत. तसंच २०१९ च्या सी-७५ कायद्याने किरकोळ फौजदारी गुन्ह्यांची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून दोन वर्षांना एक दिवस कमी इतकी वाढवली, आणि पॅरालीगल कोणते खटले चालवू शकतो हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला. ओपन हाउसला गेलात तर फौजदारीच्या शिक्षकाला हेच विचारा. उत्तर देताना तो थबकला तर समजा त्याच्या नोट्स जुन्या आहेत.

बरेच चांगले शिक्षक अर्धवेळ, कंत्राटावर असतात. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी वर्ग. हे विद्यार्थ्यांच्या फायद्याचं आहे, कारण सकाळची सुनावणी संध्याकाळी वर्गात येते. पण त्यांना ऑफिस नसतं, वर्गाबाहेरच्या तासांचे पैसे फारसे मिळत नाहीत, आणि पुढच्या सत्राची खात्री नसते. २०१७ मध्ये ऑन्टारिओतल्या २४ सार्वजनिक कॉलेजांच्या शिक्षकांनी पाच आठवडे संप केला, त्यात कंत्राटी शिक्षकांची अवस्था हा एक मुख्य मुद्दा होता. २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांवर मर्यादा आली आणि कॉलेजांनी कोर्स बंद करायला, शिक्षक कमी करायला सुरुवात केली. त्यामुळे संकेतस्थळावर दिसणारी नावं येत्या सत्रात खरोखर शिकवणार आहेत का, आणि कोर्स लॉ सोसायटीच्या मान्यताप्राप्त यादीत आजही आहे का, हे दोन्ही लेखी विचारून घ्या. मान्यता नसलेल्या कोर्सवर परीक्षेला बसू देत नाहीत.

आता तपासायचं कसं. लॉ सोसायटीच्या संकेतस्थळावर वकील आणि पॅरालीगलांची सार्वजनिक डिरेक्टरी आहे. नाव टाका. परवाना चालू आहे का, माणूस सध्या प्रॅक्टिस करतो का, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे तिथे दिसतं. मग कॅनलीवर जा. कॅनडाचे निकाल तिथे फुकट वाचायला मिळतात. शिक्षकाचं नाव अवतरणचिन्हांत टाकून लायसन्स अपील ट्रायब्युनल किंवा स्मॉल क्लेम्स कोर्टाच्या निकालांत शोधा. पक्षकारांच्या प्रतिनिधींची नावं निकालाच्या वरच दिलेली असतात. दोन-तीन निकाल वाचलेत तर त्यांनी कुठला मुद्दा कसा मांडला आणि निर्णय देणाऱ्याने तो कसा घेतला हे कळेल. हरलेलं प्रकरण दिसलं म्हणून शिक्षक वाईट ठरत नाही, आणि काहीच सापडलं नाही तरी घाबरू नका, कारण मिटलेली प्रकरणं छापली जात नाहीत.

प्लेसमेंट कोण बघतं, हेही विचारा. १२० तास कुणाच्या ऑफिसात काढायचे ते त्या व्यक्तीच्या ओळखीवर ठरतं. काही कॉलेजं 'जागा तुम्हीच शोधा' म्हणून मोकळी होतात. इथे नव्याने आलेल्या, कुणालाच न ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला ते फार जड जातं. कोऑर्डिनेटर याच भागात प्रॅक्टिस केलेला असेल तर तो एका फोनवर जागा मिळवून देतो, आणि कुठल्या ऑफिसात मुलांना नुसती फोटोकॉपी करायला बसवतात हेही त्याला माहीत असतं. गेल्या वर्षीचे विद्यार्थी कुठल्या प्रकारच्या ऑफिसांत गेले, एवढं विचारलंत तरी चित्र स्पष्ट होईल.

तोवर एखादी सकाळ मोकळी काढून रे लॉसन बुलेव्हार्डवरच्या प्रांतिक गुन्ह्यांच्या कोर्टात, नाहीतर हुरॉन्टारिओ स्ट्रीटवरच्या मोठ्या कोर्टहाउसमध्ये जाऊन बसा. सुनावण्या सार्वजनिक असतात. तिथे उभे राहणारे पॅरालीगल बघा आणि बाहेर आल्यावर एक-दोघांना विचारा, तुम्ही कुठे शिकलात, तिथे कुणी चांगलं शिकवलं. या पेशातली माणसं नव्यांशी सहसा मोकळेपणाने बोलतात.

शेवटी तुमच्या स्वतःच्या वाटेबद्दल. तुमच्याकडे भारतातली एलएलबी आहे, त्यामुळे एनसीए या परदेशी कायद्याच्या पदव्या तपासणाऱ्या समितीकडून पदवीचं मूल्यमापन करून घेऊन, त्यांनी सांगितलेल्या विषयांच्या परीक्षा देऊन वकिलीच्या परवान्याकडे जाण्याचा रस्ता तुम्हाला खुला आहे. तुमचा अंतिम बेत वकील होण्याचाच असेल तर पॅरालीगलच्या कोर्सवर वर्ष-दोन वर्षं आणि हजारो डॉलर घालण्याआधी ते मूल्यमापन मागवा. पॅरालीगल म्हणूनच काम करायचं असेल, स्वतःचं छोटं ऑफिस, लोकांची रोजची भांडणं, आठवड्यातून दोन-तीन सुनावण्या, तर हा पेशा पूर्ण समाधान देणारा आहे आणि त्यासाठी तुमची तीन वर्षांची वकिली कामी येईल. मग दुसऱ्या कॉलेजच्या कोऑर्डिनेटरला आजच ईमेल करा आणि तीन गोष्टी विचारा: एथिक्स आणि ट्रस्ट अकाउंटिंग कोण शिकवणार, भाडेकरूंच्या बाजूने काम केलेलं कुणी शिक्षकांत आहे का, आणि प्लेसमेंटची जागा कोण मिळवून देतं. पहिल्या कॉलेजलाही हेच प्रश्न पाठवा. डिपॉझिटची मुदत संपण्याआधी नावानिशी उत्तर ज्यांच्याकडून येईल, तिथे प्रवेश घ्या.